उसनी जीभ

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. विषय निघाला की मी उठून जात असे, नाहीतर बोलणं भलतीकडेच वळवत असे. सारा जन्म शिक्षकी पेशात गेल्यामुळे बोलणं वळवायची कला मला चांगली येते. पोपट गेल्यावर तरी आपण सांगू, असं वाटलं होतं. त्याच्या दशक्रियेला तशी वेळही आली, आणि तिथेही मी खोटंच बोललो. म्हणून आता लिहितो आहे.

त्याचा मुलगा महेश याचा सकाळी फोन आला. “मास्तर, आण्णा गेले.” एवढंच. दशक्रिया येडगावला धरणाच्या पाण्याकाठी झाली. आमच्याकडे दशक्रियेला प्रवचन संपलं की माइकवर श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, गेलेल्या माणसाशी ज्याचं जन्मात दोन शब्दांचं बोलणं झालं नाही तोही बोलतो. माझं नाव पुकारताना निवेदन करणारा म्हणाला, “पोपटभाऊंची वाचा गेली, तेव्हा ज्यांनी आपली जीभ त्यांना दिली, ते आपले मास्तर आता दोन शब्द बोलतील.” समोर बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी माइक घेतला आणि म्हणालो, माझ्या मित्राने दुर्धर आजाराला धीराने तोंड दिलं, त्याची कधी कुणाबद्दल तक्रार नव्हती... लोकांनी माना डोलावल्या. महेशने खाली वाकून माझ्या पायाला हात लावला.

त्याची तक्रार होती. ती माझ्याबद्दल होती.

पोपट माझा शाळेपासूनचा मित्र. सातवीनंतर त्याने शाळा सोडली, मी पुढे शिकून मास्तर झालो, आणि तेव्हापासून त्याने माझं नाव घेणं सोडून दिलं. अरे-तुरे चालू राहिलं, पण ‘मास्तर’ म्हणूनच. घरची बागायत होती, पण त्याची ओळख शेतामुळे नव्हती, आवाजामुळे होती. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत यात्रांच्या दिवसांत बैलगाड्यांच्या शर्यती होतात. शर्यतीच्या चढाच्या वाटेला आम्ही घाट म्हणतो आणि एका गाड्याच्या धावेला बारी. घाटाच्या कडेला मांडवात माइकवर जो बोलतो त्याच्यावर निम्मी शर्यत चालते. पोपट तो बोलणारा होता. गाडा जुंपताना त्याचा आवाज खाली उतरायचा, बैल सुटले की चढत जायचा आणि निशाण पडताना असा काही तुटायचा की लांब झाडावर बसलेली पोरंसुद्धा ओरडायची. एखादा गाडा रेंगाळला की म्हणायचा, “पावणं, हा गाडा घाटात आलाय का वरातीत?” एकदा जुंपायला फार वेळ लागला तेव्हा म्हणाला, “सोडा राव आता, बैलांना बी घरी जायचंय, त्यांची बी बायकापोरं असत्यात!” मंचरच्या बाजारात तो कांद्याच्या गोण्या उतरवताना नुसता “जरा सरका” म्हणाला, तरी पाठमोरी माणसं वळून बघायची. नाव पोपट, आणि धंदाही पोपटाचाच, असं आम्ही त्याला चिडवायचो. तो म्हणायचा, “पोपट शिकवल्यालं बोलतो. मी न शिकवल्यालं बोलतो.”

अशा माणसाची जीभ एका शर्यतीत भर माइकवर अडखळली. बैलाच्या मालकाचं नाव त्याला धड घेता येईना. उठायला गेला तर मांडवाच्या खांबाला धडकला. यात्रा कमिटीच्या माणसाने त्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि कानात म्हणाला, पण माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्या घाटाने ऐकलं... “भाऊ, आज जास्त झाली वाटतं.” पोपट आयुष्यात दारूला शिवला नव्हता. पुढच्या वर्षी त्याला बोलावणं आलं नाही. मधे काही वर्षं शर्यतीच बंद होत्या, त्यानंतर सुरू झाल्या तेव्हा नवी पोरं बोलायला आली होती. गावात तो भिंतीला धरून चालायला लागला आणि लोक म्हणायला लागले, आता दिवसासुद्धा घेतो. मी इतरांहून वेगळा होतो असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. एक दिवस ओट्यावर त्याच्याशी बोलताना मी मुद्दाम तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं. त्याने तोंड उघडून माझ्यावर जोरात फुंकर मारली.

“काय मास्तर, लागला का वास?”

आजार सापडायला वर्षं गेली. कुणी मणका म्हटलं, कुणी कानातला दोष म्हटलं, कुणी वारं शिरलं म्हणून तेल लावलं. शेवटी पुण्यात मेंदूच्या एका डॉक्टरांनी त्याला एका रेषेवरून चालायला लावलं, नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला बोट लावायला सांगितलं, आणि विचारलं, “वडिलांना असं काही होतं का?” वडील भिंत धरून चालायचे. आजीही. गावात त्या घराण्याबद्दल जुनं बोलणं होतं, ‘त्यांची भुईच हालती.’ रक्त तपासून निदान झालं. मेंदूच्या मागच्या भागातल्या, तोल सांभाळणाऱ्या पेशी हळूहळू झिजत जातात. आधी पाय, मग जीभ, मग हात. बुद्धी शाबूत राहते. हा आजार फार थोड्या घराण्यांत आढळतो, वडिलांकडून किंवा आईकडून मुलांत उतरू शकतो, औषध नाही. बाहेर आल्यावर पोपट बाकावर बसला आणि म्हणाला, “गावात सांग मास्तर. दारू न्हाई, रक्तातलं हाय म्हणावं.” मग जरा वेळाने, “म्हैशाला सांगू नको अजून.” महेश तेव्हा अवसरी खुर्दच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता.

पुढे त्याचं बोलणं कुणाला कळेनासं झालं. त्याची बायको हिरावहिनी, त्यांना रोजचं कळायचं. पाणी, ऊन, पाठ खाजव. पण सलग वाक्य त्यांना लागत नसे. मला लागायचं. यात माझी हुशारी नव्हती. मी त्याला इतकी वर्षं ऐकलं होतं की शब्द विरघळले तरी चाल ओळखू यायची. कुठे तो थांबतो, कुठे चढतो, चिमटा काढायच्या आधी कसा श्वास घेतो. बँकेत, ग्रामपंचायतीत, दवाखान्यात, सगळीकडे मी बरोबर. हात थरथरायचे म्हणून लिहिणं बंद, मोबाइलवरची अक्षरं बोटाखालून पळायची. तो म्हणायचा, “तुजी जीभ उसनी घेतलीय मास्तर.” आणि पहिल्याच दिवशी त्याने एक अट घातली होती. “माजं बोलणं शुद्ध करायचं न्हाई. शिवी दिली तर शिवीच सांगायची.” मी हसून कबूल केलं. एकदा बँकेच्या साहेबाला त्याची शिवी मी खरोखरच जशीच्या तशी सांगितली, आणि साहेबाने आम्हाला चहा पाजला.

मग पुण्याहून निरोप आला. त्याच्या आजारावर एक नवीन औषध माणसांवर तपासून बघणार होते. आधार घेऊन का होईना चालता येणारे आणि श्वास चांगला असलेले पेशंट हवे होते. पोपट तेव्हा वॉकर धरून अंगणात फिरत असे, पण महिन्यामहिन्याला फेरी आखडत होती. त्याची घाई स्वतःसाठी कमी होती. त्या संध्याकाळी ओट्यावर त्याने मला नीट बजावून सांगितलं. “म्हैशाच्या अंगात हे आसंल का नसंल, म्हाईत न्हाई. आसंल तर त्याच्या येळेला औषध तयार पायजे. आन् ते कसं व्हनार? पहिली बारी कुणीतरी पळवल्याशिवाय घाटाची माती कळती का? मी पळतो पहिली बारी. पडलो तर पडलो. फुडच्याला खड्डा कुठं हाय ते तरी कळंल.”

मी म्हणालो, “आणि काही बरंवाईट झालं म्हणजे?”

“आता लई बरं चाललंय व्हय?”

तोवर नोकरीला लागलेल्या महेशला सुट्टी मिळाली नाही, म्हणून जीप करून मी आणि पोपट दोघेच गेलो. निघताना हिरावहिनी जीपच्या दाराशी येऊन म्हणाल्या, “मास्तर, ह्यांना सांभाळा.” हे त्यांचे शब्द नीट लक्षात ठेवावेत. मी पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यामागे लपलो.

सकाळी आधी बैठक होती. डॉक्टर, औषध तयार करणारी मंडळी, सरकारी अधिकारी, आणि आम्ही पेशंट व नातेवाईक. औषधं लवकर यावीत की पूर्ण खात्री होईपर्यंत थांबावं, याबद्दल पेशंटना काय वाटतं ते ऐकायचं होतं. साहेब मंडळी चांगली बोलली. घाईत दिलेल्या औषधाने माणसं दगावल्याचं त्यांनी पाहिलं होतं, त्यांची भीती खोटी नव्हती. मग खुर्चीला खिळलेली एक तरुण मुलगी बोलली. “तुमची समिती पुढच्या वर्षी बसेल. माझा उजवा हात त्याच्या आधी जाईल. मग तुम्ही मला विचाराल, हात चालतो का, आणि नाही म्हटलं की चाचणीत घेणार नाही.” मग पोपटची पाळी. वॉकरला धरून तो उभा राहिला, आणि किती तरी वर्षांनी त्याच्या समोर माइक आला. त्याचा आवाज आधी खाली उतरला, मग चढत गेला. तो म्हणाला, “साहेब, तुमी म्हनता धोका हाय, थांबा. आमी धोक्यातच बसलोय. तुमच्या थांबण्याचं काय जातं? आमचं रोज कायतरी जातं. उशीर लावायचा तर लावा, पण आमाला इचारून लावा. आमच्या जिवावर तुमी सावध व्हऊ नका.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. समोर एवढी मोठी माणसं बसलेली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “माझे मित्र म्हणतात, तुम्हा सर्वांवर आमचा पूर्ण विश्वास आहे. औषध लवकर मिळावं ही विनंती आहेच, पण थोडा उशीर झाला तरी चालेल, खात्रीचं मिळावं.” टाळ्या पडल्या. एक साहेब तर म्हणाले, किती समंजस. पोपटने कोपर माझ्या बरगडीत मारलं. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. लोकांना वाटलं, तोल गेला.

दुपारी तपासणी. चालून दाखवलं, त्यात तो पास झाला. श्वासासाठी नळीत जोरात फुंकायचं होतं. ओठ नीट मिटत नव्हते, हवा कडेने निसटत होती, आकडा कमी आला. डॉक्टर तरुण होते, भले होते. हे ओठांमुळे आहे की फुप्फुसांमुळे, याची त्यांना शंका होती. तेवढ्यात मला त्यांनी संमतीचे कागद दाखवले. पेशंटला सही करता येत नसल्यामुळे त्याने अंगठा द्यायचा आणि साक्षीदार म्हणून मी सही करायची. तिथे औषधाचे संभाव्य दुष्परिणाम लिहिले होते. शेवटचा शब्द मृत्यू होता. मी पेन हातात घेतलं आणि मला गाव दिसायला लागलं. पारावर बसलेली माणसं दिसली. ‘मास्तरने पोपटला औषधाला दिला.’ माझ्या सहीखाली माझा मित्र मेला तर काय, याच्यापेक्षा लोक मला काय म्हणतील, हे आधी मनात आलं. क्रम असाच होता. तो बदलून सांगायचा मोह मला हे लिहितानाही होतो आहे.

डॉक्टरांनी पोपटला विचारलं, “काका, श्वासाला त्रास होतो का? धाप लागते?”

पोपट खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला, “कशाची धाप? आता दम धरवत न्हाई, डाक्टर. सोडा बारी.”

दम धरणं म्हणजे धीर धरणं, वाट बघणं. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. डॉक्टरांना त्याच्या बोलण्यातला ‘दम’ एवढाच शब्द लागला असावा. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “दम लागतो म्हणतायत का?”

आणि मी म्हणालो, “हो. दम लागतो त्याला.”

पोपट ओरडला. न्हाई, न्हाई म्हणत होता. पण ओरडण्यात लाळ घशात गेली, ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला. डॉक्टर उठून त्याची पाठ चोळायला लागले. “राहू द्या काका, शांत व्हा. बोलतानासुद्धा किती त्रास होतोय तुम्हाला.” मग मला म्हणाले, “यांना घेणं बरोबर होणार नाही. पुढच्या टप्प्यात बघू, कळवतो.” मी पेन त्यांच्या टेबलावर ठेवलं. ठसका थांबल्यावर पोपट माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. मी कोण ते ओळखू यावं म्हणून तो बघत होता, गर्दीत चुकून दुसऱ्याच माणसाचा हात धरल्यासारखा.

परतीच्या वाटेत आम्ही मंचरला मिसळीला थांबायचो. त्या दिवशी तो जीपमधून उतरला नाही. घरी हिरावहिनींनी विचारलं, “काय झालं?” पोपटने तोंड उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. माझ्याविरुद्धची फिर्याद सांगायलाही त्याला माझीच जीभ लागणार होती. मी म्हणालो, “फुप्फुसं कमजोर आहेत म्हणाले. घेत नाहीत.” पुढचा टप्पा झाला की नाही ते कुणी कळवलं नाही. तोवर तो उभं राहण्यातूनही गेला होता.

त्यानंतर पोपटने माझ्यामार्फत एकही शब्द कुणाला सांगितला नाही. मी गेलो की गप्प. बँकेत महेश हातवारे समजून घेत कसंबसं भागवायचा. गावाला वाटलं, आता त्याला अजिबातच बोलता येत नाही. मी आठवड्याला जातच राहिलो, पेपर वाचून दाखवायचो, यात्रेच्या दिवसांत लांबून माइकचा आवाज आला की दोघेही ऐकत बसायचो. ते औषध त्याला लागू पडलं असतं का? मला माहीत नाही. कदाचित त्याने काहीच झालं नसतं. कदाचित तो लवकर गेला असता. पण ते त्याचं ठरलं होतं, पूर्ण शुद्धीत, आणि मला फक्त ते पोचवायचं होतं. आजारी माणसाच्या वतीने बोलणारी आपण सगळी धडधाकट माणसं त्याच्या जिवाला जपतो म्हणतो. बऱ्याचदा आपण आपल्या नावाला जपत असतो.

हा लेख देण्याआधी मी हिरावहिनी आणि महेशला समोर बसवून सगळं सांगितलं. महेश उठून बाहेर गेला. त्याने स्वतःची तपासणी करून घेतली आहे, एवढं मला दुसऱ्याकडून कळलं. निकाल त्याने मला सांगितलेला नाही, आणि विचारायचा हक्क मला राहिलेला नाही. हिरावहिनी जमिनीकडे बघत होत्या. मी म्हणालो, “तुम्हीच म्हणाला होतात, ह्यांना सांभाळा...” तेव्हा त्यांनी वर पाहिलं. “सांभाळा म्हणले व्हते मास्तर. अडवा म्हणले न्हवते. मेले आसते तर पळून मेले आसते. हे वाट बघून मेले.” मग म्हणाल्या, “छापा. त्यांचं नाव घालून छापा.”

तो जाण्याच्या काही दिवस आधी मी निश्चय करून गेलो होतो. वाक्य तयार केलं होतं. ‘पोपट, तू काय म्हणालास ते मला कळलं होतं. मी जाणूनबुजून उलटं सांगितलं. मला माफ कर.’ घरून निघाल्यापासून ते मनात घोळवत होतो. तो पडवीत खाटेवर होता. मी बसलो, त्याचा हात हातात घेतला, आणि म्हणालो, “पोपट, त्या दिवशी पुण्याला...”

त्याने हात दाबला. मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला. सलग, लांब वाक्य. मधे थांबला, श्वास घेतला, पुन्हा बोलला. आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. चालसुद्धा ओळखू आली नाही. इतकी वर्षं न ऐकल्यामुळे माझा कान गेला होता, की त्याची जीभच पार गेली होती, कोण जाणे. शिवी होती का, क्षमा होती, की महेशसाठी काही निरोप होता... ‘कळलं नाही, पुन्हा सांग’ असं म्हणायला हवं होतं. मी मान डोलावली. हो, हो म्हणालो.

आतून हिरावहिनी लगबगीने आल्या. कितीतरी वर्षांत त्यांनी नवऱ्याचा इतका आवाज ऐकला नव्हता. “काय म्हणले हो? काय म्हणले मास्तर?”

“चहा घेऊन जा म्हणतोय,” मी म्हणालो.

पोपटने हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. हिरावहिनींनी डोळे पुसत चहा टाकला. माफीचं वाक्य अजून तोंडात होतं. मी कप घेतला, आणि त्यांच्या देखत तो चहा शेवटपर्यंत प्यालो.